जेवणाचा आठवड्याचा प्लॅन दर वेळी मधेच मोडतो? स्वयंपाक न आवडणाऱ्यांनी कुठून तपासायचं

जेवणाचा प्लॅन करायचा, तो तीन-चार दिवस चालायचा, मग मोडायचा आणि महिन्याभरानं परत नव्या उत्साहानं नवा करायचा, हा फॉल्ट मी माझ्या घरात आणि ओळखीच्या बऱ्याच घरांत दुरुस्त करत आलोय. मला स्वयंपाक आवडत नाही. येतो, रोज करतो, पण आवडत नाही. नेटवर जे प्लॅन मिळतात ते बहुतेक वेळा स्वयंपाकाची आवड असलेल्या माणसानं त्याच्या चांगल्या दिवशी बसून केलेले असतात आणि गडबड तिथंच आहे. आपल्याला प्लॅन पाहिजे तो आठवड्यातल्या सगळ्यात वाईट दिवसासाठी, म्हणजे उशीर झालाय, डोकं दुखतंय, घरात सगळ्यांना भूक लागलीय, त्या दिवशी जो चालेल तो. चांगल्या दिवशी प्लॅन नसला तरी माणूस काहीतरी करतोच.

आधी लक्षणं बघा, कारण कुठलं लक्षण आहे त्यावर कुठली तपासणी आधी करायची ते ठरतं.

संध्याकाळ झाली की "आज काय करायचं" या प्रश्नानंच थकायला होतं, गॅस पेटायच्या आधीच. (तपासणी १ आणि २)

फ्रीज भरलेला असतो तरी त्यातून एक जेवण काही उभं राहत नाही, आणि आठवड्याच्या शेवटी अर्धी भाजी टाकून द्यावी लागते. (३ आणि ४)

एक दिवस प्लॅन चुकला की पुढचे सगळे दिवस सोडून दिले जातात, रोज बाहेरून मागवलं जातं. (३)

घरातली माणसं मदत करायला तयार असतात पण "काय करू सांग" असं विचारतात, आणि ते सांगण्यापेक्षा आपणच केलेलं परवडतं. (५)

प्रत्येकासाठी वेगळं ताट होतं, विशेषतः लहान मुलं असतील तर. (६)

सुट्टीच्या दिवशी एकदम खूप शिजवून ठेवलं जातं आणि मंगळवारनंतर ते कोणी खात नाही. (७)

आता तपासण्या. वरून खाली जा, सुरुवातीच्या फुकटच्या आहेत, शेवटच्या खर्चाच्या. बऱ्याच घरांचं काम तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच होतं, त्यामुळं आधीच उठून भांडी आणि मशीन घ्यायला जाऊ नका.

१. नक्की काय आवडत नाही ते शोधा

"स्वयंपाक आवडत नाही" हे फार मोठं वाक्य आहे. त्यात निदान सहा वेगळी कामं आहेत: ठरवणं, सामान आणणं, धुणं-चिरणं, शेगडीपाशी उभं राहणं, वाढणं आणि मागचं आवरणं. सहाच्या सहा नावडणारा माणूस मला अजून भेटला नाही. कोणाला चिरायचा कंटाळा असतो, कोणाला भांड्यांचा, आणि खूप जणांना फक्त ठरवण्याचा, म्हणजे समोर ठरलेलं असेल तर ते निमूटपणे करून मोकळे होतात. एक आठवडा ओट्याजवळ कागद ठेवा आणि ज्या क्षणी वैताग आला तिथं एका शब्दात लिहा, "चिरणं", "भांडी", "ठरवणं", एवढंच.

हे पहिलं का, तर पुढचे सगळे उपाय यावर अवलंबून आहेत. भांड्यांचा वैताग असणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी तीन पदार्थ करून ठेवायला सांगितलं तर त्याच्या नशिबी सगळ्यात जास्त भांडी येतात. चिरणं नको असलेल्याला नव्या रेसिपी देऊन काही होत नाही, त्याला चिरलेली किंवा फ्रोझन भाजी पाहिजे. उभं राहायचा त्रास असणाऱ्याला असे पदार्थ पाहिजेत जे एकदा चढवले की आपोआप शिजतात आणि टायमर वाजेपर्यंत तुम्ही दुसऱ्या खोलीत बसू शकता. चुकीचा भाग दुरुस्त केला की प्लॅन कागदावर छान दिसतो आणि घरात चालत नाही.

२. किती वेळा ठरवावं लागतंय ते मोजा

दिवसाला तीन खाणी धरली तर आठवड्याला २१ वेळा ठरवणं आलं. त्यातली सकाळची सात सरळ ठरवून टाका, दोनच पर्याय, आलटून पालटून. दुपारचं खाणं म्हणजे शक्य तेवढ्या दिवशी आदल्या रात्रीचं जास्त केलेलं. राहिली रात्रीची सात, त्यातला एक दिवस उरलंसुरलं संपवायचा आणि एक दिवस मोकळा, म्हणजे बाहेरचं, किंवा ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यावं. खरे निर्णय उरले पाच.

आणि त्या पाच दिवसांनाही पदार्थाचं नाव देऊ नका, प्रकाराचं नाव द्या. एक दिवस कडधान्याचा, एक अंड्यांचा, एक भातात सगळं घालून एकाच भांड्यात होणारा, एक सूप आणि सोबत काहीतरी, असं. तुमच्या घरात जे चालतं ते घाला. पदार्थाचं नाव लिहिलं की त्यातली एक वस्तू घरात नसली तरी तो दिवस गेला. "कडधान्य" लिहिलं असेल तर डब्यात जे असेल ते चालतं, प्लॅन मोडत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त प्लॅन एका न आणलेल्या वस्तूमुळं मोडतात, आळसामुळं नाही, आणि लोक मात्र स्वतःला आळशी म्हणत बसतात, ते ऐकून खरंच वाईट वाटतं.

"तेच तेच खाऊन कंटाळा येईल" ही भीती सगळ्यांना असते. ज्याला स्वयंपाक आवडतो त्याला तेच तेच करायचा कंटाळा येतो, खाणाऱ्याला तेवढा येत नाही. मुलांना तर ओळखीचं खाणंच बरं वाटतं. पोषणाच्या दृष्टीनं विविधता लागते हे खरं, पण ती आठवडाभरात आली तरी चालते, एकाच ताटात सगळं आणायची गरज नाही. चव बदलायची असेल तर वरून घालायच्या गोष्टी बदला, चटणी, लोणचं, लिंबू, दही, भाजलेले दाणे, खाली तेच राहू दे.

३. राखीव जेवण आहे का ते बघा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे आणि नेमकी हीच लोक गाळतात. घरात कायम दोन जेवणं अशी पाहिजेत ज्यांना चिरावं लागत नाही, जी पंधरा-वीस मिनिटांत होतात, एकाच भांड्यात होतात आणि ज्यांचं सामान महिनाभर खराब होत नाही. ही जेवणं कुठल्याही वाराला लावायची नाहीत. ती राखीव आहेत. मसूर डाळ यासाठी चांगली, भिजवावी लागत नाही आणि पटकन शिजते. डब्यातलं शिजवलेलं कडधान्य, पास्ता किंवा शेवया, अंडी, फ्रोझन मटार, ओट्स, यातून दोन जेवणं कोणालाही जमतात.

वापरलं की त्याच दिवशी खरेदीच्या यादीत परत लिहायचं, हा एकच नियम. राखीव संपलेलं असताना पुढचा वाईट दिवस आला की तुम्ही परत पहिल्या लक्षणावर.

राखीव जेवण साधं असलं तरी ते जेवणच आहे. डाळ-भात किंवा अंडी आणि मटार यातून एका जेवणापुरतं चांगलं पोषण मिळतं, त्यामुळं ते वाढताना "आज काही केलंच नाही" असं म्हणू नका, घरच्यांनाही तसं वाटायला लागतं.

राखीव असूनही एक दिवस चुकलाच तर पुढचे दिवस ढकलू नका. मंगळवारचं राहिलं तर ते गेलं, बुधवारी बुधवारचंच करायचं. मागचं भरून काढायला गेलं की सगळा आठवडा सरकतो आणि मग तो सोडूनच दिला जातो.

४. भाजी कुठल्या क्रमानं संपते

फ्रीज भरलेला आणि जेवण नाही, या लक्षणाचं कारण बहुतेक वेळा क्रम असतं. पालेभाज्या, कोथिंबीर, मशरूम अशा नाजूक गोष्टी खरेदीनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत लावा. टोमॅटो, फ्लॉवर, शेंगा मधल्या दिवसांना. गाजर, कोबी, बीट, भोपळा, बटाटा शेवटाला, ते टिकतात. लोक उलट करतात, सोपा म्हणून बटाटा पहिल्या दिवशी संपवतात आणि पाचव्या दिवशी फ्रीजमध्ये काळी पडलेली पालेभाजी उरते. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

फ्रोझन भाजी ताज्यापेक्षा हलकी असते हा समज सोडून द्या. मटार, मका, घेवडा काढल्यावर लवकर गोठवतात त्यामुळं त्यातलं पोषण चांगलं टिकतं, चार दिवस फ्रीजमध्ये पडलेल्या "ताज्या" भाजीपेक्षा बऱ्याचदा जास्तच.

५. प्लॅन डोक्यात आहे की भिंतीवर

फ्रीजच्या दारावर कागद, मोठ्या अक्षरात, पाच ओळी. त्याखाली संपलेल्या वस्तूंची यादी, जो शेवटचं वापरेल त्यानंच लिहायची. बस. प्लॅन एकाच माणसाच्या डोक्यात असेल तर बाकीचे कितीही मनापासून मदत करायला आले तरी त्यांना विचारावंच लागतं, आणि उत्तर देणं हेही कामच आहे.

शिवाय एक संध्याकाळ दुसऱ्या कोणाला तरी पूर्ण द्या. पूर्ण म्हणजे ठरवण्यापासून भांडी आवरेपर्यंत. "तू भाजी चिरून दे" ही मदत झाली, जबाबदारी नाही. त्या दिवशी जे ताटात येईल ते खायचं, मीठ कमी-जास्त झालं तरी सुधारायला उठायचं नाही, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून ती संध्याकाळ परत तुमच्याकडे येते. आठ-दहा वर्षांच्या मुलालाही यादी बघून सामान काढून ठेवणं, टेबल लावणं, डबे भरणं जमतं.

६. वेगळी ताटं का होतात

इथं जरा थांबून लिहितो, कारण मुलं असलेल्या घरात स्वयंपाकाचा निम्मा वैताग हाच असतो. एवढं करायचं आणि मुलानं तोंड फिरवायचं, मग त्याच्यासाठी दुसरं करायचं.

साधारण दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाला नकार देणं नेहमीचं आहे, तो हट्ट म्हणून घेऊ नका, ते वयच तसं असतं. एखादा नवा पदार्थ मुलानं स्वीकारायला आठ, दहा, कधी पंधरा वेळासुद्धा तो समोर यावा लागतो. आणि आपण दोन-तीनदा देऊन "याला आवडत नाही" म्हणून बंद करतो. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात कामाची एक वाटणी मांडली जी मला फार उपयोगी पडलीय: काय, कधी आणि कुठं खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलानं. म्हणजे प्रत्येक जेवणात मुलाला चालणारी एक तरी गोष्ट ठेवायची, नुसता भात किंवा फळ असलं तरी चालेल, आणि मग दुसरं ताट करायचं नाही, पण बळजबरीही नाही, "एक घास खा मग गोड देईन" हेही नाही. बक्षीस लावलं की ती भाजी त्याच्या मनात शिक्षा होऊन बसते.

करायच्या बाजूनं उपाय असा की सगळं एकत्र कालवू नका. एक धान्य, एक डाळ-कडधान्य किंवा अंडी, एक-दोन भाज्या, आणि तिखट-आंबट वेगळ्या वाट्यांत. ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यावं. स्वयंपाक एकच, ताटं आपोआप वेगळी. तिखट न चालणारे आजी-आजोबा, डाएटवर असलेला कोणी, सगळे त्यातच बसतात. चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, कच्च्या गाजराचे गोल तुकडे देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून, गाजर शिजवून द्या.

७. एकदम करून ठेवताय, पण काय?

इथपर्यंत सगळं केलं आणि तरी वेळ कमी पडतोय, तरच इथं या, कारण याला जागा, डबे आणि थोडी शिस्त लागते.

पूर्ण पदार्थ पाच दिवसांचे करून ठेवू नका, तिसऱ्या दिवशी कोणालाच तो नको असतो. भाग करून ठेवा. उकडलेलं कडधान्य, परतलेला कांदा-टोमॅटो, उकडलेली अंडी, धुऊन चिरलेल्या भाज्या. यातून रोज वेगळं काहीतरी दहा-पंधरा मिनिटांत होतं. आणि वेगळा दिवस काढायचीही गरज नाही, आज कडधान्य शिजवताच आहात तर दुप्पट शिजवा आणि निम्मं गोठवा, शेगडीपाशी तेवढाच वेळ जातो.

आता सुरक्षेचं, हे मी घाईत सांगणार नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जिवाणू वेगानं वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये गेलं तर ते मधोमध तासन्‌तास कोमट राहतं, त्यामुळं उथळ डब्यांत काढून ठेवा. फ्रीजमधलं शिजवलेलं तीन-चार दिवसांत संपवा, भात मात्र दुसऱ्या दिवशीच. भाताला वेगळा नियम का, तर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वास चांगला येतोय म्हणून चालेल, असं भाताच्या बाबतीत समजू नका.

राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला असेल तर त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळं जोरात उलट्या होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेच्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये तो थेट टाकू नका, तिथं पाणी तेवढं तापत नाही. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो, त्याला हे लागत नाही.

फ्रीझर उणे १८ अंशांना असू दे. पिशव्यांत भरून आडव्या, पातळ गोठवा, लवकर गोठतात आणि लवकर सुटतात. काय आहे आणि तारीख, दोन्ही लिहा. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, काकडी, सॅलडची पानं गोठवू नका, सुटल्यावर पिचपिचीत होतात.

८. ओटा आणि वस्तू

लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन इंजिनिअर बाई कारखान्यात कामाच्या हालचाली मोजायच्या, तेच त्यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरात केलं. एक केक करताना माणूस किती पावलं चालतो ते मोजलं आणि फक्त वस्तूंच्या जागा बदलून ती २८१ वरून ४५ वर आणली. बारा मुलांची आई, आणि स्वतः स्वयंपाकात रमणाऱ्या मुळीच नव्हत्या, मला त्या फार जवळच्या वाटतात. तुम्हीही एकदा रोजचा स्वयंपाक करताना कितीदा वळता ते बघा. सुरी-पाट-कचऱ्याचा डबा एकाजागी, मीठ-तेल-मसाले शेगडीला हात पुरेल असे, रोजची दोन भांडी समोर आणि बाकीची वर. पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते.

विकत काही घ्यायचंच असेल तर पहिल्या तपासणीचा कागद काढा आणि तिथं जो शब्द सगळ्यात जास्त वेळा आलाय त्यासाठीच घ्या. "उभं राहणं" असेल तर टायमरवाला इलेक्ट्रिक प्रेशर कुकर. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर उकळतं म्हणून कडधान्य लवकर होतं, आणि तो स्वतः बंदही होतो. "चिरणं" असेल तर आधी सुरीला धार लावा. बोथट सुरीनं दुप्पट वेळ जातो आणि ती निसटून हातही कापतो. "भांडी" असेल तर ओव्हनचा एक मोठा ट्रे, नाहीतर परवडत असेल तर डिशवॉशर.

९. काम पैशानं सोडवणं

वरचं सगळं करूनही रोज जीव जात असेल आणि परवडत असेल तर स्वयंपाकाला माणूस लावा, किंवा आठवड्यातले दोन-तीन दिवस तयार जेवण घ्या. यात कमीपणा काही नाही. फक्त पाच ओळींचा कागद त्यांच्याही हातात द्या, नाहीतर रोज सकाळी "आज काय करू" हा प्रश्न फक्त दुसऱ्या तोंडून येतो.

कुठं थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

घरात डायबेटिस, किडनीचा आजार, सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न चालण्याचा आजार) किंवा जीवघेणी अॅलर्जी असेल तर वरचा प्लॅन तसाच लावू नका. किडनीच्या आजारात कडधान्य, बटाटा, टोमॅटो अशा साध्या गोष्टींचंही प्रमाण बघावं लागू शकतं. आहारतज्ज्ञाकडे जा आणि पाच ओळींचा कागद सोबत न्या, त्यातच बदल करून मागा, कारण रोज वेगळा मेनू असलेला चार्ट तुम्ही चालवू शकणार नाही हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

मूल निवडून खातं ही वेगळी गोष्ट, पण वजन वाढायचं थांबलंय किंवा कमी होतंय, खाण्याचे पदार्थ महिन्यागणिक कमी कमी होत चाललेत, ठरावीक पोत किंवा रंग दिसला तरी मूल घाबरतं, ओकारी येते, तर सॅटर बाईंची वाटणी पुरणार नाही, बालरोगतज्ज्ञाला दाखवा. वयस्कर माणसाला जेवताना वारंवार ठसका लागत असेल, पाणी पितानाही, तर पदार्थ पातळ-मऊ करून बघत बसू नका, डॉक्टरांना गिळण्याची तपासणी करायला सांगा.

आणि तुमच्याबद्दल. स्वयंपाक नावडणं हा आजार नाही. पण दोन आठवडे किंवा जास्त दिवस कशातच रस वाटत नाही, भूक-झोप बिघडलीय, आधी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्यात, तर प्लॅन बाजूला ठेवा, राखीव जेवणावर घर चालू द्या आणि डॉक्टरांना भेटा. खाण्याचीच भीती वाटते, खाल्ल्यावर अपराधी वाटून ते भरून काढावंसं वाटतं, तरीही तेच.

वस्तूंपैकी तीन गोष्टींची मोठी दुरुस्ती स्वतः करू नका. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, खिडक्या-दारं उघडा, शक्य असेल तर नळी-सिलिंडरचा कॉक बंद करा आणि बाहेर जाऊन फोन करा. प्रेशर कुकरची वाफ झाकणाच्या कडेनं जात असेल तर रिंग बदला, पण व्हॉल्व्ह सतत अडकत असेल तर कुकर वापरणं थांबवा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा. आणि करून ठेवलेलं अन्न दोन दिवसांतच आंबत असेल तर आधी फ्रीज तपासा: ग्लासभर पाण्यात थर्मामीटर घालून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा, सकाळी ५ अंशांच्या वर दाखवत असेल तर बटण थंड बाजूला फिरवून दुसऱ्या दिवशी परत बघा, तरीही तेवढंच असेल तर दाराचं रबर सैल झालंय का बघा, आणि ते ठीक असेल तर फ्रीजवाल्याला बोलवा, तोपर्यंत जेवढं त्या दिवशी संपेल तेवढंच शिजवा.